सात दिवसांचं औषध

माझ्या उजव्या हाताची तर्जनी आता अर्धीच आहे. पेन अंगठा आणि मधल्या बोटात धरावं लागतं, त्यामुळे अक्षर तिरकं जातं. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही बोला, मी मोबाईलवर टाइप करते." मी नको म्हटलं. जे लिहायचं आहे ते याच हातानं केलेलं आहे.

माझं वय चौऱ्याहत्तर. चंद्रपूरकडच्या सावली या गावाजवळ एका खेड्यात राहतो. सावली, आरमोरी आणि नदीपलीकडच्या बाजारांत जे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी येत-जात होते, त्यांना मी 'दातवाले भाऊ' म्हणून आठवत असेन. सायकल, निळी पत्र्याची पेटी आणि घडीची लाकडी खुर्ची. मी डॉक्टर नव्हतो. हे आधीच सांगतो, कारण लोक अजूनही मला भेटले की "डॉक्टरसाहेब" म्हणतात आणि मी आजवर कोणालाही थांबवलं नाही.

हाताचे दाणे

माझ्या तळहातांवर आणि तळपायांवर तांदळाच्या कणीएवढे टणक दाणे होते. कितीतरी वर्षांपासून. अंघोळीनंतर ब्लेडनं खरवडून टाकायचो, पुन्हा यायचे. पाय कापसावर पडल्यासारखे वाटायचे, चप्पल पायातून निसटली तरी चार पावलं कळायचं नाही. वय झालं, असं म्हणून सोडून दिलं.

दोन वर्षांपूर्वी तर्जनीवरच्या एका दाण्याची जखम झाली. हळद लावली, मलम लावलं, भरेना. घरी कोणाला सांगितलं नाही. सून वर्षा एकदा माझ्याबरोबर शेंगा सोलत बसली होती. सालींवर रक्त दिसलं तेव्हा तिनं माझा हात ओढून उलटा केला आणि बराच वेळ पाहत राहिली. त्याच दिवशी तिनं माझ्या मुलाला, सुधाकरला, माजरीला फोन केला. तो तिथं कोळसा खाणीत कामाला आहे. दुसऱ्या दिवशी सुटी टाकून तो मला घेऊन चंद्रपूरला गेला.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी जखमेकडे नंतर पाहिलं. आधी दोन्ही तळहात पाहिले, चपला काढायला लावून तळपाय पाहिले, मग सदरा काढायला सांगितला. छातीवर, पाठीवर गडद-फिक्या ठिपक्यांची गर्दी होती. धुळीवर पावसाचे चार थेंब पडून थांबावेत तसे ते ठिपके दिसत. मी ते रोज आरशात पाहायचो.

"काका, पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं."

"किती वर्षांपासून?"

"जन्मापासून."

त्यांनी लिहून घेतलं. "शेतात फवारणी केली का कधी? कारखान्यात काम? वैदूची भस्मं वगैरे घेतली?"

तिन्हींना मी नाही म्हटलं. तिन्ही उत्तरं खरी होती. पण त्या कोणत्या शब्दापाशी पोचणार आहेत हे मला कळलं होतं.

"हे आर्सेनिकचं दिसतंय. सोमल म्हणतात ना, ते. थोडं थोडं पुष्कळ वर्षं शरीरात गेलं की असं होतं. दिसायला कधी वीस-तीस वर्षं लागतात." मग त्या सुधाकरकडे वळल्या. "विहिरीचं पाणी तपासून घ्या. घरातल्या सगळ्यांना दाखवून न्या."

बोटाचा तुकडा तपासायला गेला. दहा दिवसांनी कळलं की कातडीचा कॅन्सर आहे, पण सुरुवातीचा. बोट एका पेरापासून काढावं लागेल, बाकीच्या डागांवर औषध लावायचं आणि नजर ठेवायची.

"वाचतीन न जी बाबा?" सुधाकरनं विचारलं.

"वेळेत आणलंत. वाचतील."

बाहेर येऊन तो पायऱ्यांवर बसला आणि त्यानं पहिला फोन आमच्या सरपंचाला केला. विहीर बंद करायला सांगितली. मी शेजारी उभा राहून ऐकत होतो.

पेटी

ते दिवस वाईट होते असं मी म्हणू शकत नाही. म्हणायला हवं, पण जमत नाही. आयुष्यातले माझे सगळ्यात सुंदर दिवस तेच होते.

तरुणपणी मी चंद्रपुरात एका दंतवैद्याकडे सात वर्षं मदतनीस होतो. हत्यारं उकळायची, दिवा धरायचा, दात भरायचा मसाला कालवून द्यायचा. मालक वारले, दवाखाना बंद झाला. त्यांच्या घरच्यांनी जुनी खुर्ची आणि हत्यारं मला देऊन टाकली. उरलेल्या बाटल्या मी न विचारता पेटीत भरल्या.

मग बाजार सुरू झाले. थंडीत सकाळी पाच कोस सायकल मारायची. माझी बायको यशोदा पहाटे उठून हत्यारं चुलीवर उकळायची, फडक्यात बांधायची, आणि वर डब्यात भात अन् लाखोळीच्या डाळीचं वरण. पेटी उघडली की लवंगाच्या तेलाचा वास यायचा. उन्हाळ्याच्या तोंडाला बाजारभर मोहफुलांचा वास असायचा, आणि हे दोन वास एकमेकांत मिसळायचे. आजही कुठं लवंग चावली गेली की मला मोहफुलांच्या टोपल्या दिसतात.

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांचे, दिवस आले की नाटकवाले यायचे. एकदा राजाचं काम करणारा एक धिप्पाड माणूस भरदुपारी माझ्या खुर्चीत बसला, तोंडावर अजून आदल्या खेळाचा रंग. दात पाहताच म्हणाला, "भाऊ, काढू नोका. आज मले तीन लोकायले मारायचं हाय."

मी चिमटा हातात घेतला तशी त्यानं खुर्चीची दांडी धरून डोळे मिटले. भोवती गर्दी जमलेली. एक म्हातारी म्हणाली, "पाहा व माय, राजा रडून राह्यला." सगळा बाजार हसला, राजाही हसला, आणि त्या हसण्यात मी औषध ठेवून टाकलं.

दात काढायला लोक भ्यायचे. म्हणून दात न काढता ठणका घालवणारा माणूस त्यांना देव वाटायचा. ते औषध त्या बाटल्यांपैकी एकीत होतं. नस मारायचं औषध. सोमल होता तो.

मालकांचा नियम होता. ठेवलं की तिसऱ्या दिवशी काढायचं, आणि माणूस परत येणार नसेल तर ठेवायचंच नाही. सात वर्षांत मी हे त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं. पण बाजार आठवड्यातून एकदा भरतो. माझा माणूस जंगलातल्या गावातून चालत येणारा, तो तिसऱ्या दिवशी कुठून येणार? मग मी माझ्या अकलेनं औषध पातळ केलं. वाटलं, अर्ध्या जोराचं औषध दुप्पट दिवस चालेल. मी त्याला 'सात दिवसांचं औषध' म्हणायचो आणि मला त्याचा अभिमान होता. काचेच्या पट्टीवर औषध खलायला पातं होतं, ते हरवल्यावर अंगठा आणि तर्जनीनं मळायचो. माझ्या स्वतःच्या दाढेतही दोनदा ठेवलं होतं. काचेची पट्टी घरी यशोदा धुवायची.

सातव्या दिवशी निम्मे लोक यायचेच नाहीत. दुखणं थांबलेला माणूस कशाला येईल? आणि धानाची रोवणी, म्हणजे लावणी, लागली की सगळे चिखलात, बाजारात माझ्यासमोरची जागा रिकामी. मला वाटायचं, बरं वाटलं म्हणून आले नाहीत. तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

मैना

मैना कुमरे आरमोरीच्या पलीकडच्या एका जंगलगावची. लग्न होऊन वर्ष झालं असेल. रोवणीच्या आधीच्या बाजारी नवरा दलसू तिला घेऊन आला. खालची मागची दाढ. मी औषध ठेवलं, वरून बंद केलं. "पुढच्या बाजारी येजो, पोरी. विसरू नको."

ती पोळा झाल्यावर आली. गाल सुजून डोळ्यापर्यंत चढला होता. हिरडी काळी पडली होती आणि त्या काळ्यातून पांढरं काहीतरी दिसत होतं. ते हाड होतं. मी दाढ काढली, तिच्याबरोबर हाडाचा तुकडा आला. मैना ओरडली नाही. तिनं माझ्या मनगटाला धरलं होतं, तिची नखं रुतली.

दलसूनं विचारलं, "असं काऊन झालं, भाऊ?"

भोवती पंधरा-वीस माणसं. त्यांतल्या दोघा-तिघांच्या तोंडात त्याच आठवड्यात मी औषध ठेवलेलं होतं.

मी म्हणालो, "खर्रा खाते का हे?"

मैनानं मान हलवली. नाही.

"खात असन लपूनछपून. खर्ऱ्यानंच सडते असं."

बस. एवढंच. तंबाखू-सुपारीचा खर्रा सगळे खात होते, आणि खर्ऱ्यानं तोंड सडतं हेही सगळ्यांना माहीत होतं. कोणी पुढे काही विचारलं नाही. दलसूनं बायकोकडे पाहिलं, आणि मी हात धुवायला वळलो.

त्या दिवशी यशोदा माझ्याबरोबर बाजारात होती. परतताना सायकलच्या मागच्या बाजूनं तिचा आवाज आला. "तिचे दात पांढरेफेक होते जी."

मी पायडल मारत राहिलो.

"खर्रा खाणाऱ्याचे असे राह्यतेत का?"

राहत नाहीत. खर्ऱ्याचे दात मी दहा हातांवरून ओळखायचो. तो तर माझा धंदा होता.

त्यानंतरही मी औषध लगेच बंद केलं नाही. बाटली संपेपर्यंत चाललं. आणखी काही जण तशा हिरड्या घेऊन आले, आणि प्रत्येकाला मी खर्राच सांगितला.

विहीर

ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर घरी होतो. सरपंचानं विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकल्या, कठड्याला लाल रंग मारला. पाण्याचा नमुना गेला होता, निकाल यायचा होता. आमच्या मोहल्ल्यातल्या बाया गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हापशीवरून पाणी आणू लागल्या. दोन घरांत भांडणं झाली. एकीनं नातवंडाला माहेरी पाठवून दिलं. वर्षा रोज लेकीचे तळहात उजेडात धरून पाहायची.

एका सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. समोरून लक्ष्मीबाई चालली होती. माझ्याच वयाची, डोक्यावर पाण्याची गुंडी, कमरेवर कळशी. माझ्यापाशी ती थांबली. मला बरं वाटावं म्हणूनच थांबली होती.

"पाण्यानं घात केला जी भाऊ तुमचा."

मी म्हटलं, "हं."

"आता आमचं काय होते का मालूम. सारा जनम तेच पाणी पेलो." तिनं कळशी कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली. "तुमी नोका फिकर करू. तुमचा हात बरा होऊन जाईन."

ती गेली. तिच्या मागे मातीवर पाण्याचे थेंब पडत गेले. मला मैनाचे पांढरे दात दिसले. आधी खर्रा, आता विहीर. दोघांनाही माझ्याविरुद्ध बोलता येत नव्हतं.

सुधाकर घरी होता. मी त्याला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. बाटली, सात दिवस, मैना. तो उभा राहूनच ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"आईले मालूम होतं?"

"मैनाच्या दातायचं मालूम होतं. औषधाचं नाई."

"ते काच धुवत होती न आई."

"हो."

यशोदा जाऊन सहा वर्षं झाली. ती कशानं गेली त्याची कागदं आहेत, त्यात सोमलाचं काही नाही. पण तिचे तळहात मी कधी नीट पाहिले नाहीत. हे मी सुधाकरला सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही.

तो बाहेर गेला. खिडकीतून मला दिसत होतं. त्यानं विहिरीवरच्या काट्या ओढून बाजूला केल्या, बादली सोडली, भरून वर घेतली आणि मोहल्ल्यातल्या बाया पाहत असताना उभ्या-उभ्या ओंजळीनं पाणी प्यायला. मग घरोघर जाऊन त्यानं सांगितलं की विहिरीत काही नाही, माझ्या बापाच्या कामाचं आहे ते. पुढे निकालही तसाच आला. माझ्याशी मात्र तो ऑपरेशनच्या दिवसापर्यंत बोलला नाही. गाडीत बसवताना पाठीला हात लावायचा, तेवढंच.

डॉक्टर मॅडमनाही मीच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एक गाव तहानेनं फिरलं नसतं, काका." रागावून म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वॉर्ड

दवाखान्याचे आठ दिवस मला भीतीपेक्षा चहासाठी आठवतात. सकाळी सहाला चहा, मग सिस्टरचं ताप पाहणं, नऊला ड्रेसिंग. ड्रेसिंगचा आवाज दुरून यायचा, चाकं कुरकुरत गाडी एकेक खाट करत पुढे सरकायची, आणि आपला नंबर येईपर्यंत मी खाटा मोजत राहायचो. खुर्चीत बसलेल्या माणसाला चिमट्याचा आवाज कसा येत असेल, हे मला त्या वयात कळलं.

शेजारच्या खाटेवर सिरोंचाकडचा एक म्हातारा होता. निम्मं तेलुगू, निम्मं मराठी बोलायचा. माझ्या हाताचं पांढरं गाठोडं पाहून त्यानं आपला हात दाखवला, दोन बोटं कधीची गेलेली. म्हणाला, "भात खाता येते. चिंता नाई. मासा खायाले थोडं कठीण."

भात मला वर्षानं भरवला. पहिल्या दिवशी लाजेनं तोंड उघडेना. ती म्हणाली, "बाबा, लोकांना तोंड उघडा म्हणून आयुष्य गेलं तुमचं. आता उघडा." सुधाकर खिडकीपाशी पाठ करून उभा होता. त्याचे खांदे हलले. हसला तो. त्या दिवसापासून बोलायला लागला.

अंगण

जखम भरली, थंडी पडली. मी सुधाकरला म्हणालो, मला मैनाकडे घेऊन चल. आरमोरीत चौकशी केली. कुमऱ्यांचं घर सापडायला वेळ लागला नाही.

अंगणात धान पाखडत एक बाई बसली होती. डावा गाल आत ओढलेला, त्यामुळे तोंड एका बाजूला कललेलं. मी ते पाहिलं आणि माझी पावलं थांबली. तिनंच सूप खाली ठेवलं.

"दातवाले भाऊ न जी तुमी?"

"हो."

"बसा." तिनं खाट ओढली, पाणी आणलं. दलसू पडवीत दोर वळत होता, त्यानं मान वर करून रामराम केला.

मी पाणी हातात धरून सांगितलं. औषध माझं होतं. तिसऱ्या दिवशी काढायचं असतं हे मला माहीत होतं. खर्ऱ्याचं मी खोटं बोललो. सांगून झालं तेव्हा म्हणाली,

"मी खर्रा खाल्ला नाई, हे मले मालूम होतं. तुमालेबी मालूम होतं. याले नव्हतं." तिनं पडवीकडे बोट केलं. "याच्या मायले नव्हतं. मरेपर्यंत ते माझ्या गाठोड्यात हात घालून पाहे. आता तिले कोण सांगन?"

मी न प्यालेलं पाणी खाली ठेवलं.

"तवा तुमी साऱ्या बाजारासमोर सांगतलं. आता मले एकटीलेच काऊन सांगता?"

तिनं सुनांना हाक मारली, शेजारच्या घरांत पोरीला पाठवलं. पाच-दहा माणसं जमली. मी उभा राहिलो. सुधाकरनं माझा दंड धरला. मी तेच पुन्हा सांगितलं, मोठ्यानं, बाजारात सांगितलं होतं तसं.

दलसूच्या हातातला दोर सुटला होता. तो म्हणाला, "तीस वरस मी हिच्या तोंडाचा वास घेऊन पाह्यलो." आणि उठून घरामागे गेला.

"जाऊ द्या," मैना म्हणाली. "त्याले वेळ लागन."

तिनं माझा हात घेतला, तुटकं बोट उलटसुलट करून पाहिलं आणि सोडून दिला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितलं नाही. मग सूप पुन्हा हातात घेत तिनं विचारलं,

"अखीन किती जणायले खर्रा म्हणलं होतं, भाऊ?"

"चार असतीन. पाच. नावं आठवत नाई."

"मंग त्यायले कसं सांगसान?"

म्हणून हे लिहिलं.

त्या बाजारांत माझ्याकडून किंवा माझ्यासारख्या कोणाकडून तुमच्या दातात नस मारायचं औषध ठेवलं गेलं असेल आणि तो दात अजून तोंडात असेल, तर तो शिकलेल्या दंतवैद्याला दाखवा. तुम्ही स्वतः असं औषध मळत आला असाल आणि तुमच्या तळहातांवर माझ्यासारखे दाणे असतील, तर ब्लेडनं खरवडू नका. डॉक्टर विचारतील तेव्हा हातांनी काय काम केलं ते पहिल्याच दिवशी सांगा. माझं अर्धं बोट गेलं. उशीर केला असता तर हात गेला असता.

आणि तुमच्या घरात आई, काकी, आजी, कोणी असेल, जिचा जबडा त्या काळात सडला, आणि निळ्या पेटीच्या दातवाल्यानं खर्ऱ्याचं नाव घेतलं. ती जिवंत असेल तर तिच्याजवळ जाऊन, नसेल तर तिला ओळखणाऱ्या सगळ्यांसमोर, हे वाचून दाखवा. तिनं खर्रा खाल्ला नव्हता. ती खरं सांगत होती.